बदकवालीचा खुलासा

सेक्रेटरींनी फलकावर चिठ्ठी लावली होती: 'रविवारी दुपारी चार वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये मुलांसाठी कार्टून.' नाना भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते, ते वाचून थांबले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या चित्रपटासाठी एकोणीस माणसांनी तीन वर्षं मान मोडून चाळीस हजार चित्रं काढली, त्याला ही माणसं कार्टून म्हणणार. नानांनी खिशातलं पेन काढलं, 'कार्टून' हा शब्द खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात 'धार्मिक चित्रपट' असं लिहिलं. घोटाळ्याला सुरुवात झाली ती इथे. 'धार्मिक' हा शब्द तिथे नसता, तर हेडबाई आणि वकीलसाहेब रविवारी दुपारी आपापल्या घरी घोरत पडले असते.

खरं म्हणजे नानांना हा चित्रपट सोसायटीला दाखवायचाच नव्हता. त्यांचा प्रेक्षक एकच होता, आणि तो आठ वर्षांचा होता.

त्यांची नात चिमणी, लेकीची मुलगी. लेक आणि जावई कामावर गेले की दिवसभर नाना आणि चिमणी असं दोघांचंच राज्य. तर या चिमणीला शाळेच्या कवायतीच्या सरांनी संचलनातून बाहेर काढलं. कारण काय, तर चालताना तिची डावी टाच बाहेर फेकली जाते आणि सगळी रांग बिघडते. वर्गानं तिचं नाव तिथल्या तिथे 'बदक' ठेवलं. चिमणीनं रडारड केली नाही. तिनं फक्त चालणं बंद केलं. शनिवारी ती सोफ्यावर बसली आणि तिथून फर्मानं सोडायला लागली. पाणी आणा, पेन्सिल आणा, दुसरी पेन्सिल आणा. रविवारी संध्याकाळपर्यंत नानांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला.

"ही चाल तुझी नाहीच मुळी," नाना टेकत म्हणाले. "तुझ्या आजीची आहे. ती अशीच चालायची, आणि कामावरचा सबंध हॉल तिच्याकडे बघायचा."

चिमणी जन्मायच्या तीन वर्षं आधी आजी गेली होती. चिमणीनं भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे पाहिलं. "यात ती बसलीये."

"फोटोत कोणी चालतं का?"

"मग मला कसं कळणार?"

प्रश्न रास्त होता. नानांनी थोडा विचार केला आणि बोलून गेले, "सिनेमात आहे ती. चालताना. अकरा सेकंद."

"दाखवा," चिमणी म्हणाली. "ते बघितल्याशिवाय मी उठणार नाही."

आता ही आजी सिनेमात कशी गेली, ते सांगायला हवं. बेचाळीस वर्षांपूर्वी नाना एका चित्रशाळेत नोकरीला होते. तिथे महापुराच्या जुन्या धर्मकथेवर चित्रपट काढायचं काम चाललं होतं. माणसं बिघडतात, देव रागावतो, एका सज्जन म्हाताऱ्याला नाव बांधायला सांगतो, आणि नावेत बसलेले सोडून बाकी सगळे बुडतात. म्हातारा, वाघ, सिंह, हत्ती ही मानाची कामं वरिष्ठांकडे. नानांच्या वाट्याला गर्दी. गर्दी म्हणजे बुडणारे. दिग्दर्शक म्हणाले होते, "पापी आहेत, तोंडं वाईट काढा." पण वाईट तोंडं आणायची कुठून? नानांनी जी दिसत होती ती काढली. कॅमेरावाल्याला दारुड्या केलं, स्टोअरकीपरला चोर केलं. आणि एक बाई हवी होती, तेव्हा रंगविभागातली एक मुलगी रंगांचा ट्रे घेऊन हॉल ओलांडत होती. तिची डावी टाच बाहेर जायची. नानांनी त्या चालीची बारा चित्रं काढली, तीच फिरवून फिरवून अकरा सेकंद चालवायची, अंगावर पिवळा झगा दिला, आणि टाचेची थट्टा म्हणून काखेत एक बदक दिलं.

चित्रं रंगवायला गेली तिच्याचकडे. पाच मिनिटांत ती सगळा गठ्ठा घेऊन नानांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"ही कोण?"

"गर्दी," नाना म्हणाले.

"गर्दी अशी चालते?" मग तिनं भिंतीवरचा प्रसंगांचा तक्ता वाचला. "ही बुडते?"

"सगळेच बुडतात."

"हिनं काय केलंय?"

नाना हा प्रश्न घेऊन खरोखर दिग्दर्शकांकडे गेले. ते म्हणाले, "देवानं बुडवलंय, म्हणजे काहीतरी केलंच असणार." नानांनी परत येऊन उत्तर कळवलं. ती म्हणाली, "बरं. आणि बदकानं काय केलं? ते बुडतं तरी कसं?" हा प्रश्न नानांनी दिग्दर्शकांकडे नेला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्याशी लग्न केलं.

मधे मात्र एक वाईट प्रकार घडला होता, आणि तो नाना सहसा कोणाला सांगत नसत. चित्रपटाच्या शेवटी पाणी ओसरतं, ऊन पडतं आणि नवी माणसं देवाचे आभार मानायला येतात. पहिल्या खेळाला निर्मात्यांच्या मातोश्रींनी त्या आभारवाल्यांत एक बाई ओळखली. काखेत बदक असलेली. ही तर मघाशी बुडाली होती. दुसऱ्या दिवशी नानांना मेमो मिळाला. 'बुडालेल्या पात्राची चित्रे अंतिम प्रसंगात वापरून आपण ईश्वरी न्यायाची थट्टा केली आहे. हा अक्षम्य निष्काळजीपणा असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' नाना काय खुलासा करणार? चित्रांच्या पाकिटांवर नंबर त्यांच्याच अक्षरात होते. पाकीट बदललं असणार, चूक आपलीच असणार. हा मेमो त्यांनी तिला दाखवला, तेव्हा ती इतकी हसली की ट्रेमधले रंग सांडले. "एक बाई वाचली ना? मग झालं तर," ती म्हणाली. नाना तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. खुलासा द्यायची वेळच आली नाही, कारण पाचव्या दिवशी चित्रशाळा बंद पडली. पण मेमो नानांनी जपून ठेवला, जन्मदाखल्यांच्या फाईलमध्ये. आणि तो शेवटचा प्रसंग त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. पहिल्या खेळालासुद्धा मातोश्री कुजबुजायला लागल्या तसे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

असो. चित्रपटाची एकमेव प्रत सरकारी संग्रहात होती. नाना तिथे गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "कोण बघणार?"

"माझी नात."

"नातीला देता येत नाही. संस्था लागते. जाहीर खेळ लागतो." म्हणजे सोसायटी आली. दुसऱ्या दिवशी नाना सेक्रेटरींचं पत्र घेऊन गेले. "धार्मिक की बालचित्र?" कारकुनानं विचारलं.

"दोन्ही."

"रकाना एकच आहे. धार्मिक लिहिलंत, तर कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत असं सर्व धर्मांच्या प्रतिनिधींचं पत्र लागेल. बालचित्र लिहिलंत, तर त्यात कोणी मरत नाही असा दाखला लागेल."

नानांनी महापूर डोळ्यांसमोर आणला. "समजा, मरत असले तर? किती चालतात?"

कारकून आत जाऊन साहेबांना विचारून आला. "नाव असलेलं पात्र एकही नको," तो म्हणाला. "गर्दी धरत नाहीत."

काम झालं होतं, खरं तर नानांनी खूश व्हायला हवं होतं. पण 'गर्दी धरत नाहीत' हे वाक्य त्यांना बसमध्ये घरापर्यंत टोचत राहिलं. बेचाळीस वर्षं त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं की मी गर्दी काढायचो.

प्रत हाती आली, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सबंध महापूर मावला होता. महापुराची गोष्ट एव्हाना ऐकून झालेली चिमणी सोफ्यावरूनच म्हणाली, "नाना, ती आजीसारखी बाई शेवटी वाचते ना?"

नानांनी पेनड्राइव्ह घाईघाईनं खिशात टाकला. एवढ्या खटाटोपात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची चाल चांगली आहे हे पटवायला आपण तिला दाखवणार काय, तर तशी चालणारी बाई देवानं बुडवली. बरं, ती शेवटी दिसते म्हणावं, तर ती नानांची चूक. "बघशील," असं काहीतरी पुटपुटून ते भाजी आणायला निघून गेले. त्याच फेरीत त्यांनी फलकावर 'धार्मिक' लिहिलं.

त्या एका शब्दावर समितीची तातडीची सभा भरली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सबंध इमारत हेडबाई म्हणते, त्या वही घेऊनच आल्या. सभेच्या आदल्या दिवशी नानांनी समितीला चित्रपट दाखवला होता, तोसुद्धा शेवटची पाच मिनिटं सोडून, कारण तोवर सगळे चहाला उठले होते.

"देव फार रागीट दाखवलाय," हेडबाई म्हणाल्या. "मुलांना देवाची भीती वाटता कामा नये. शिक्षकांची वाटावी, तो वेगळा विषय आहे."

"माझा मुद्दा कायद्याचा आहे," दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले. "त्या लोकांना नोटीस दिली होती का? म्हणणं ऐकून घेतलं का? चोर, दारुड्या आणि ती बदकवाली, तिघांना एकच शिक्षा. हा कसला निकाल?"

"सिनेमा आहे हो तो," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. यातलंच एखादं पोर उद्या न्यायाधीश होईल."

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं मत अगदी उलट होतं. भीती हवीच, भीती नसेल तर कोणी दात घासणार नाही, असं ते अनुभवानं सांगत होते. सेक्रेटरींना धर्माशीही देणंघेणं नव्हतं आणि दातांशीही. त्यांना तक्रारअर्जाची भीती होती.

सगळ्यांनी मिळून आपल्या चित्रपटाची अशी चिरफाड केलेली नानांना सहन होईना. ते ताडकन म्हणाले, "देवानं बुडवलंय, म्हणजे काहीतरी केलंच असणार त्यांनी."

बोलून झालं आणि ते वाक्य कोणाचं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नकळत मागे वळून पाहिलं. जिनं या वाक्यावर 'आणि बदकानं?' असं विचारलं असतं, ती आता कुठे होती? नानांना एकदम तिची इतकी आठवण झाली की पुढचा ठराव त्यांनी नीट ऐकलाच नाही.

ठराव असा झाला की एकतिसाव्या मिनिटापासून चौतिसाव्यापर्यंतचा बुडण्याचा भाग मुलांना दाखवू नये. नेमकी त्याच भागात नावेच्या बंद दाराकडे चालत येते बदकवाली. नाना काकुळतीला आले, अकरा सेकंद तरी ठेवा म्हणाले. हेडबाई म्हणाल्या, "एकीला ठेवलं की बाकीचेही मागतील." आता भाग गाळायचा कसा? सोसायटीच्या प्रोजेक्टरचं पुढे जायचं बटण दाबलं की चित्रपट थेट पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेवटी सेक्रेटरींनी नव्या पंख्याच्या खोक्याचं झाकण आणलं. ते झाकण भिंगासमोर धरायचं. कोणी? तर वेळ ज्याला तोंडपाठ आहे त्यानं, म्हणजे नानांनी.

रविवारी हॉल भरला. चिमणीला नानांनी कडेवर घेऊन खाली आणलं, कारण तिचा निश्चय कायम होता. भिंतीवर चादर, खिडक्यांना वर्तमानपत्रं. चित्रपट सुरू झाला. देवाला चेहरा नव्हता, नुसता ढग आणि ढगातून आवाज. तो आवाज स्टोअरकीपरचा होता. त्या दिवशी त्याला पडसं झालं होतं आणि दिग्दर्शकांना त्यात गांभीर्य वाटलं होतं. "देवाला सर्दी झालीये," पुढच्या रांगेतलं एक पोर म्हणालं आणि हॉल हसला. हेडबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

एकतिसाव्या मिनिटाला नानांनी झाकण धरलं. चादर काळी झाली. पण आवाज कोणी बंद केला नव्हता, तशी तरतूद ठरावात नव्हती. अंधारात ढग गडगडले, पाणी धो धो आलं आणि शेकडो माणसं किंचाळायला लागली. आधी एका पोरानं भोकाड पसरलं, मग पाच जणांनी. "घाबरू नका, काहीही झालेलं नाही," हेडबाई किंकाळ्यांवर आवाज चढवून सांगत होत्या. "म्हणणं मांडतायत ते," वकीलसाहेब म्हणाले.

नाना मात्र झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत होते. जे चित्र चादरीवर जायचं ते आता तिथे पडलं होतं, बशीएवढं आणि अगदी पुसट. नुसते रंगांचे डाग. तेवढ्यात त्यांची बाही कोणीतरी ओढली. चिमणी खुर्च्यांना धरत धरत तिथवर आली होती.

"आता आजी असेल ना?"

"हा बघ," नाना हळूच म्हणाले. "हा पिवळा डाग."

"नुसता डाग आहे."

"थांब. आता डावी टाच."

डाग किंचित बाहेर झुकला, सरळ झाला, पुन्हा झुकला. चिमणी बघत राहिली. मग डावीकडून निळा रंग आला आणि पिवळा डाग त्यात दिसेनासा झाला.

"बुडाली?"

"हो."

"का? तिनं काय केलं?"

दिग्दर्शकांचं उत्तर नानांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. "मला माहीत नाही बाळा," ते म्हणाले. "तुझ्या आजीनंही हेच विचारलं होतं. आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही."

चौतिसावं मिनिट संपलं. नानांनी झाकण खाली ठेवलं. नाव तरंगत राहिली, पाऊस थांबला, पाणी ओसरायला लागलं. आता शेवटचा प्रसंग येणार होता. बेचाळीस वर्षांच्या सवयीनं नानांनी डोळे मिटले.

"नाना, आजी आली."

"ती चूक आहे गं," नाना डोळे न उघडता म्हणाले. "माझ्या हातून पाकीट बदललं. तीच चित्रं पुन्हा लागली."

"तीच नाहीयेत. ही ओली आहे."

नानांनी डोळे उघडले. चादरीच्या उजव्या कोपऱ्यातून ती चालत येत होती, डावी टाच बाहेर, काखेत बदक. तिचा पिवळा झगा कमरेपासून खाली गडद होता, पाण्यानं भिजून जड झाल्यासारखा. केस कपाळाला चिकटले होते. बदकाच्या शेपटीवरून थेंब गळत होते. थेंब मुळीच चांगले काढलेले नव्हते, वाटाण्यासारखे गोल गरगरीत होते. रंगविभागातल्या त्या मुलीला रंग फार सुरेख भरता यायचे, चित्र मात्र काढता यायचं नाही.

नाना चादरीच्या दिशेनं दोन पावलं पुढे गेले. पाकीट चुकून बदललं तर कोरडी बाई येते. ओली बाई चुकून येत नाही. तिला कोणीतरी बसून बारा वेळा पुन्हा रंगवावं लागतं, आणि मग गुपचूप कोणाच्या तरी पाकिटात सरकवावं लागतं.

"पुन्हा लावा," ते ओरडले. सेक्रेटरींनी घाबरून बटण दाबलं आणि चित्रपट अर्थातच पहिल्यापासून सुरू झाला. कोणी उठलं नाही. ती ओली बाई आता सगळ्यांनाच बघायची होती. एकतिसावं मिनिट आलं तेव्हा झाकणाची आठवण कोणालाच झाली नाही. पूर आला, चोर गेला, दारुड्या गेला, बदकवाली दारापर्यंत चालत आली आणि पाण्याखाली गेली. मघाशी रडलेलं पोर पुन्हा तोंड वेडंवाकडं करायला लागलं, तेव्हा हेडबाईंनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "येते रे ती शेवटी," त्या म्हणाल्या. ती आली तेव्हा सबंध हॉलनं टाळ्या वाजवल्या.

"अपील मंजूर झालेलं दिसतंय," वकीलसाहेब म्हणाले.

"पण तिला वाचवलं कोणी?" चिमणीनं विचारलं. "देवानं?"

"तुझ्या आजीनं," नाना म्हणाले. "देवानं विरोध केला नाही, एवढंच."

जिना चिमणी आपल्या पायांनी चढली. घरी आल्याबरोबर नानांनी तिला कपाटातली फाईल आणायला सांगितली, तीही तिनं आणली. मेमो पिवळा पडला होता. नानांनी त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, फलकावर लिहिलं होतं त्याच सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं आणि मोठ्यानं वाचत गेले.

"महोदय, आपण सात दिवसांत मागितलेला खुलासा बेचाळीस वर्षांनी देत आहे, क्षमस्व. सदर बाई बुडालेली नव्हती. ती पाण्यातून चालत आली. पुरावा म्हणून तिचे कपडे पाहावेत. बदक पोहणारे असल्याने त्याचा वेगळा खुलासा आवश्यक नाही. या प्रकरणी माझा कोणताही निष्काळजीपणा नसून सर्व दोष रंगविभागाचा आहे. सदर विभागाशी मी नंतर विवाह केला, पण तिने मला शेवटपर्यंत काही सांगितले नाही. कळावे."

खाली त्यांनी झोकात सही केली.

"हे कुठे पाठवायचं?" चिमणीनं विचारलं.

"कुठेच नाही. फाईलला लावून ठेव."

चिमणी फाईल छातीशी धरून कपाटाकडे निघाली. घाई न करता, दर दुसऱ्या पावलाला टाच बाहेर टाकत. नाना ती चाल डोळे भरून बघत राहिले, आणि डोळे खरोखरच भरले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे तोंड केलं.

"एकदा तरी सांगायचंस गं," ते म्हणाले. "मी काय खुलासा मागितला असता?"